सदाफुलीची पानं शुगरवर 'लॅबमध्ये सिद्ध' झालीत म्हणजे नक्की काय झालंय?

अळूवडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, विषय कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून आरोग्यातच टाकतेय, चुकलं असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, वय ७१, शुगर बारा वर्षांपासून. दोन गोळ्या चालू आहेत. गेले तीन महिने रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पानं आणि दोन फुलं चावून खातायत. पांढरीच हवी, गुलाबी चालत नाही म्हणे, त्यासाठी शेजारच्या काकूंच्या कुंडीतली रोपं आणून परसात लावलीयेत. आधी मी काही बोलले नाही, कारण कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड हे सगळं आमच्याकडे येऊन गेलंय आणि महिन्याभरात आपोआप बंद झालंय. पण या वेळी त्यांच्याकडे पुरावा आहे! व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड आलाय, त्यात कुठल्यातरी कॉलेजच्या पेपरचा फोटो, खाली ग्राफ, आणि 'आता विज्ञानानेही मान्य केले, प्रयोगशाळेत सिद्ध' असं लाल अक्षरात. मी काही बोलायला गेले की तो फोटो पुढे करतात. "तू सायन्सची ना, मग वाच की" म्हणतात. मी कॉमर्सची आहे हे लग्नाला अठरा वर्षं होऊनही त्यांच्या लक्षात नाही, ते जाऊ दे.

पेपर खरा आहे असं भाच्याने शोधून सांगितलं, म्हणजे फोटोशॉप नाही. मग प्रश्न असा की लॅबमध्ये सिद्ध झालं असेल तर माझा आक्षेप चुकीचा आहे का? लॅबमध्ये नेमकं काय करतात? आणि चार पानांनी काही अपाय होतो का? डॉक्टरांना विचारा असं प्लीज लिहू नका, ते विचारणारच आहे, पण आबांशी वाद घालायला मला मुद्दे हवेत.

गोडघाशा

अहो खाऊ द्या की त्यांना. निसर्गाचं आहे, साइड इफेक्ट शून्य. मी स्वतः गुडमार म्हणजे बेडकीचा पाला दीड वर्ष घेतोय, शुगर २४० वरून १५० वर आली. पान चावून वर साखर खाऊन बघा, वाळू खाल्ल्यासारखी लागते. जी जिभेवरची साखर मारते ती रक्तातली नाही मारणार? आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं, आता गोरे लोक लॅबमध्ये तपासून आपल्यालाच सांगतायत.

प्रयोगवही

अळूवडीताई, मी फार्माकॉलॉजी शिकवते आणि एम.फार्मला असताना अगदी असल्याच एका पेपरवर माझं नाव आहे, त्यामुळे आत काय चालतं ते सांगू शकते. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली पायरी काचेतली. पाला सावलीत वाळवायचा, पूड करायची, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, तो आटवून काळपट चिकट चिखल मिळतो. मग एका एन्झाइमवर तो घालून बघायचा. आपल्या आतड्यात पिष्टाचं साखरेत रूपांतर करणारी एन्झाइमं असतात, ती थांबवली तर जेवणानंतर साखर हळू चढते, अकार्बोज नावाची गोळी हेच करते. म्हणून अर्क विरुद्ध अकार्बोज अशी शर्यत लावतात, आणि किती मात्रेला एन्झाइमचं काम निम्म्यावर येतं तो आकडा छापतात. इथे एक गंमत आहे जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. बऱ्याच कॉलेजात वापरलं जाणारं ते ग्लुकोसिडेज एन्झाइम यीस्टचं असतं, कारण ते स्वस्त मिळतं. आणि यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच फार कमजोर चालतं, त्याचा जोर सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर. मग काय, कुठलाही पाला घाला, 'अकार्बोजपेक्षा दहापट प्रभावी' असा निकाल येतो. पैलवान आजारी असताना कुस्ती लावून जिंकल्यासारखं आहे ते.

दुसरी गंमत तुरटपणाची. आपल्याकडे हिरड्याने कातडं कमावतात ना, का कमावलं जातं? तर त्यातली टॅनिनं प्रथिनांना घट्ट धरतात. एन्झाइम हे पण प्रथिनच. त्यामुळे तुरट अर्क टेस्ट ट्यूबमध्ये जवळजवळ कुठलंही एन्झाइम बंद पाडतो, मधुमेहाचं असो, कॅन्सरचं असो, अल्झायमरचं असो. म्हणून एकाच झाडाचे पाच रोगांवर पाच पेपर निघतात. हे टाळायला वेगळ्या चाचण्या आहेत, साबणासारखा पदार्थ घालून किंवा दुसरं साधं प्रथिन घालून परिणाम टिकतो का बघायचं, पण त्या कोण करतंय, सबमिशन पुढच्या महिन्यात असतं.

आता उंदीर. माझ्या वेळी सहा-सहाचे पाच गट होते. पांढऱ्या विस्टार उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं विष टोचायचं, ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. तीन दिवसांनी शेपटीच्या टोकाचं रक्त घेऊन आपल्या घरच्यासारख्याच ग्लुकोमीटरवर बघायचं, २५० च्या वर गेला की तो उंदीर मधुमेही. मग एका गटाला नुसतं पाणी, एकाला ग्लिबेनक्लामाइड म्हणजे शुगरची नेहमीची गोळी, दोन गटांना अर्क, किलोमागे २०० आणि ४०० मिलीग्रॅम, हे दोन आकडे तर इतके ठरलेले आहेत की जणू पंचांगात दिलेत. पाचवा गट धडधाकट, त्याला काहीच नाही. अठ्ठावीस दिवसांनी अर्कवाल्यांची साखर पाणीवाल्यांपेक्षा कमी आली. पेपर छापून आला, आईने पेढे वाटले. (शुगरच्या पेपरचे पेढे, हो.)

पण आबांचा मधुमेह असा झालेला नाही. त्यांच्या पेशी एका दिवसात कोणी विषाने मारलेल्या नाहीत, बहुतेक टाइप २ आहे, म्हणजे इन्सुलिन बनतं पण शरीर त्याचं ऐकत नाही, आणि मग हळूहळू बनणंही कमी होतं. माझा उंदीर हा आबांचा नातेवाईक नाही.

आणि आता तुमच्या वादाचा मुख्य मुद्दा, डोस. उंदराचा किलोमागचा डोस माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात. ४०० भागिले ६.२ म्हणजे ६५ च्या आसपास, ७० किलोच्या माणसाला साडेचार ग्रॅम अर्क. माझ्या झाडाला १०० ग्रॅम पुडीतून १२ ग्रॅम अर्क निघायचा, त्या हिशोबाने ३७-३८ ग्रॅम सुका पाला, ओला म्हटलं तर दीडशे ग्रॅमच्या वर. रोज. चार पानं कुठे आणि दीडशे ग्रॅम कुठे, कोथिंबिरीची चांगली जाड जुडी होईल ती. आबांना हे कागदावर मांडून दाखवा, फक्त दीडशे ग्रॅम खायला सांगू नका! ते का, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, तास आहे आता.

गोडघाशा

म्हणजे सगळे पेपर खोटे? मग सरकार पैसे कशाला देतं रिसर्चला?

प्रयोगवही

खोटे नाही हो दादा, माझा उंदीर खरंच बरा होत होता. पेपर 'उंदरात असं दिसलं' एवढंच म्हणतो, 'माणसाने खा' हे फॉरवर्डवाला म्हणतो.

आणि बेडकीच्या पाल्याचं म्हणाल तर जीभ आणि रक्त ही दोन वेगळी खाती आहेत. त्यातली जिम्नेमिक ॲसिडं जिभेवरच्या गोड चवीच्या जागा अडवतात, अर्ध्या-पाऊण तासात चव परत येते. रक्तातल्या साखरेवर १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी टाइप २ च्या २२ पेशंटना रोज ४०० मिलीग्रॅम अर्क नेहमीच्या गोळ्यांसोबत दीड वर्षाच्या वर दिला, साखर उतरली, पाच जणांच्या तर गोळ्या सुटल्या. हे वाचून मी पण उडाले होते. पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, कोणाला खरं आणि कोणाला नकली औषध असं नव्हतं, त्यामुळे श्रेय पाल्याचं किती, पथ्याचं किती आणि दर महिन्याला कोणीतरी विचारपूस करतंय याचं किती, सांगता येत नाही. तुम्ही या दीड वर्षात चालायला लागलात का, भात कमी केला का? खरं सांगा.

गोडघाशा

चालतो हो पाच किलोमीटर. बायकोने भात पण बंद केलाय. पण पाला पण घेतो ना.

द्रव्यगुण

मी वैद्य आहे, एमडी द्रव्यगुण म्हणजे औषधी वनस्पतींच्या विषयातच, त्यामुळे हे बघून राहवलं नाही. सदाफुली आणि 'हजारो वर्षांची परंपरा' हे एकत्र वाचलं की माझं डोकं उठतं. ही वनस्पती मूळची मादागास्करची! चरक, सुश्रुत, वाग्भट, कोणाकडेही ती नाही, असणार कशी? आपल्या अंगणात ती शोभेची म्हणून आली आणि कुठेही भिंतीच्या फटीत उगवते म्हणून आपली वाटते. प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेहासारख्या आजारासाठी, आमच्याकडे हळद-आवळा आहे, बिबळा म्हणजे विजयसार आहे, मामेजवा आहे, आणि त्याआधी आहार-विहाराचे पानभर नियम आहेत जे कोणीच फॉरवर्ड करत नाही.

प्रयोगवही यांचं बरंचसं पटलं, एक सोडून. सगळीच संशोधनं उंदरापाशी थांबलेली नाहीत. विजयसारावर आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, चार केंद्रांवर माणसांवर काम केलं, १९९८ ला प्रसिद्ध झालं. नव्याने निदान झालेले ९७ रुग्ण, बारा आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते हे मीच सांगते, तुम्ही म्हणायच्या आधी. पण रस्ता बरोबर होता, डोस दोन ग्रॅमपासून ठरवून वाढवत नेला होता. तो लाकडी पेला मिळतो ना बाजारात, रात्री पाणी भरून ठेवायचा, सकाळी पिवळसर होतं आणि उन्हात निळी झाक मारतं, त्या पाण्यात किती द्रव्य उतरलं ते दर पेल्याला वेगळं, आणि पेला जुना झाला की आणखी कमी. लोक तोच पेला पाच वर्षं वापरतात.

अजून एक राग. अल्कोहोलात उतरतं ते पाण्यात उतरेलच असं नाही. शास्त्रात सांगितलाय काढा, लॅबमध्ये केलाय अल्कोहोलचा अर्क, आणि निकाल लावला जातो काढ्याला. काढ्याची परीक्षा घ्यायची असेल तर काढाच घ्या की हो.

कोकणी_काजू

सप्तरंगीचं कोणी काढलं नाही अजून म्हणून लिहितो. आमच्या सावंतवाडीकडे ही वेल रानात होते, मूळ आडवं कापलं की आत रंगांची वर्तुळं दिसतात म्हणून नाव. आजी पाण्यात उगाळून द्यायची. याच्या श्रीलंकेतल्या बहिणीवर जपान्यांनी १९९७ मध्ये काम करून सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं, ते त्या अकार्बोजसारखंच आतड्यातल्या एन्झाइमला अडवतं, आणि हे यीस्टच्या नाही, उंदराच्या आतड्यातल्या एन्झाइमवर बघितलेलं, म्हणजे प्रयोगवहीताईंची हरकत इथे लागू नाही. म्हणजे आजी चुकत नव्हती.

पण त्याचं झालंय काय, नाव झाल्यापासून लोक मुळं खणून पोती भरून नेतात. वेल मुळासकट गेली की संपली. आणि बाजारात सप्तरंगी म्हणून जे विकतात ते कधी आमचं हे असतं कधी वेगळ्याच झाडाचं मूळ असतं, दोघांनाही तेच नाव. एकदा शहरातल्या दुकानातून मित्राने आणलेलं बघितलं, एकच रंग होता, तो पण मातीचा.

द्रव्यगुण

ओळखीचा मुद्दा काढलात ते बरं झालं. गुळवेलीचं आठवतंय? कोविडच्या काळात जो तो काढा पीत होता, आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालय म्हणालं, ही आपली गुळवेल कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद आली. मी गुळवेल वापरते, आजही वापरते, पण ज्यांना आधीच लिव्हरचा किंवा ऑटोइम्युनचा त्रास आहे त्यांना आता देताना दहादा विचार करते. म्हणून सांगते, लॅबमध्ये पहिलं काम औषध सिद्ध करण्याचं नाही, झाड तेच आहे का हे बघण्याचं. नमुना दाबून वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जमा करायचा, त्याचा नंबर पेपरात द्यायचा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत किंवा बोटॅनिकल सर्व्हेच्या ऑफिसात ही ओळख पटवून मिळते. ज्या पेपरात 'स्थानिक बाजारातून आणले' एवढंच लिहिलंय तो मी बाजूला ठेवते.

प्रयोगवही

वैद्यबाई, काढ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या गाइडला मी हेच विचारलं होतं, ते म्हणाले सॉक्सलेट (अल्कोहोलात अर्क काढायचं काचेचं उपकरण) आहे तर सॉक्सलेट वापर.

आता सदाफुलीचं राहिलेलं. ताई, ही गोष्ट आबांना नक्की सांगा कारण ही अगदी त्यांचीच गोष्ट आहे. १९५२ मध्ये कॅनडात टोरोंटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकातल्या एका पेशंटने पाकिटातून सदाफुलीची पंचवीस पानं पाठवली, तिकडे लोक मधुमेहावर याचा चहा पितात म्हणून. क्लार्कनी ती भावाला दिली, रॉबर्ट नोबल, लंडनला (कॅनडातलं लंडन) संशोधक. रॉबर्टनी उंदरांना अर्क तोंडाने दिला, साखरेवर काहीही फरक नाही. मग सुईने टोचून बघितला, तर साखर तशीच पण उंदीरच मरायला लागले. चिरून बघितलं तर अंगभर संसर्ग, पू. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या, बोनमॅरो बसलेली. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून पाला कचऱ्यात टाकला असता. त्यांनी विचार केला की जे पांढऱ्या पेशी मारतं ते पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल का. चार्ल्स बिअर नावाच्या केमिस्टबरोबर १९५८ पर्यंत त्यातून विनब्लास्टिन काढलं, पुढे अमेरिकेत त्याच झाडातून विनक्रिस्टिन निघालं, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही ते रोजच्या वापरात आहे. शेकडो किलो पाल्यातून ग्रॅमभर निघतं आणि पेशंटला एका वेळी सहसा दोन मिलीग्रॅमच्या वर देत नाहीत, इतकं ते कडक.

नंतर सदाफुलीवर उंदीर-सशांचे बरेच पेपर आले ज्यात साखर उतरलेली दिसते, आबांचा त्यातलाच एक असणार. चार पानांत ही द्रव्यं अगदी थोडी आणि तोंडाने नीट शोषली पण जात नाहीत, त्यामुळे घाबरू नका. पण म्हणून म्हटलं दीडशे ग्रॅम खायला सांगू नका. विनक्रिस्टिनचा ठरलेला त्रास म्हणजे हातापायांना मुंग्या, बधिरपणा, आणि बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या पायांना तो धोका आधीच असतो.

निवृत्त_केमिस्ट

परळला चाळीस वर्षं मेडिकल चालवलं, म्हणून दोन शब्द. झाडपाल्याला कमी लेखू नका. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी १९४९ मध्ये ब्लड प्रेशरच्या पन्नास पेशंटना सर्पगंधा देऊन विलायतेच्या हार्ट जर्नलमध्ये छापलं, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्विस कंपनीने त्यातून रेझरपिन काढलं. मी दुकान सुरू केलं तेव्हा त्या गोळ्या मुठीने जायच्या, स्वस्त. मग कळलं की काही जण उदास होतात, डोस जास्त झाला की फारच. माणसांवर वर्षानुवर्षं वापरल्यावरच हे कळलं, उंदीर थोडाच सांगणार मला आज उदास वाटतंय. आणि मेटफॉर्मिन, जी आबा बहुतेक घेतच असतील, तिचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका पाल्यात आहे, १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. स्टर्न यांनी माणसांना दिली. म्हणजे आबा पाला आधीपासूनच खातायत, फक्त मोजून.

अवांतर: बिननावाच्या पुडीतली 'आयुर्वेदिक' पूड घेऊन आठवड्यात शुगर धाडकन उतरली तर आनंद मानू नका, पुडीत ॲलोपॅथीची गोळी कुटलेली असू शकते. अशी गिऱ्हाइकं मी चक्कर येऊन दुकानाच्या पायरीवर बसलेली बघितलीयेत. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणंच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुन्हा आहे, पण व्हॉट्सॲपला कोण पकडणार.

टपरीवरचा

वाचनखूण साठवली. धागा भारी.

अळूवडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. अपडेट देते.

प्रयोगवहीताईंचा हिशोब वहीच्या कागदावर लिहून आबांसमोर ठेवला. दीडशे ग्रॅम वाचून ते गप्प बसले, मग म्हणाले, म्हणून मला अजून गुण आला नाही होय. मी लगेच दुसरा कागद काढला, नोबलसाहेबांचा. तो त्यांनी दोनदा वाचला. केमिस्टकाकांचं मेटफॉर्मिनचं वाक्य मात्र फार आवडलं, गोळीचं पाकीट उलटंसुलटं करून बघत होते.

आणि यातूनच कळलं की पानं सुरू केल्यापासून त्यांनी रात्रीची गोळी अर्धी केली होती, स्वतःच्या मनाने. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) केलं तर ९.४ आलं, मागच्या वेळी ७.८ होतं. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, पानांसकट. त्यांनी लिव्हरची टेस्ट आणि सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी पण लिहून दिलंय, रिपोर्ट सोमवारी. गोळी पूर्ण चालू झालीये, ती मी समोर उभं राहून देते.

पानं बंद केलीयेत. पण काल संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, तर त्यांना ओट्यावर बसून आबा सांगत होते, "सदाफुली शुगरवर नाही हो चालत, ती कॅन्सरवर आहे, कॅनडात सिद्ध झालंय."

प्रयोगवही

अरे देवा.